दोनशे चौदा सह्यांची पक्की प्रत

बुधवार, १५ मे

माननीय नगरसेविका, प्रभाग क्रमांक अकरा, यांस

काल, मंगळवार दिनांक १४ मे रोजी, दुपारी चार वाजून बावीस मिनिटांनी, प्रभाग कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात, आपण आमचं निवेदन दोन बोटांत धरून उचललंत आणि सर्वांसमोर म्हणालात, "दोनशे चौदा सह्या आणि अक्षर एकच. हे अक्षर मी ओळखते." वेळ मी सभागृहातल्या घड्याळावर पाहिली. ते घड्याळ चार मिनिटं पुढे आहे, तेही जमेस धरलं आहे.

यानंतर सभागृह हसलं. आपले अभियंता साहेब सर्वांत शेवटी हसले, कारण त्यांना विनोद उशिरा पोचतो, पण एकदा पोचल्यावर मात्र ते बराच वेळ थांबले नाहीत. मग आपण निवेदन कारकुनाकडे सरकवलंत, त्यानं त्यावर "अग्राह्य" असा शिक्का मारला, आणि सभा पुढच्या विषयाकडे वळली. पुढचा विषय कार्यालयाच्या जिन्याला रंग कोणता द्यावा, हा होता. त्यावर पस्तीस मिनिटं चर्चा झाली.

आपली स्मरणशक्ती कामाच्या ओझ्यानं थकली असेल, म्हणून निवेदनात काय होतं ते पुन्हा लिहिते. दवाखान्याच्या रस्त्यावर डाव्या बाजूला सदतीस झाडं आहेत. रस्ता रुंद करायचा म्हणून ती तोडायचा ठराव आहे. उजव्या बाजूची झाडं चार वर्षांपूर्वी आपल्याच कारकिर्दीत गेली. त्यामुळे एकाच रस्त्याला एक बाजू सावलीची आणि एक बाजू उन्हाची, अशी सोय आपण आम्हांला आयती करून दिलीत. आम्ही गेले तीन उन्हाळे दोन्ही बाजूंना तापमापक टांगून रोज तीन वेळा नोंद घेतो. गेल्या आठवड्यात दुपारी दोन वाजता झाडाखाली एकेचाळीस होतं आणि समोरच्या बस थांब्यावर सत्तेचाळीस. अभियंता साहेब म्हणतात, तापमापक उन्हात टांगून नोंद घेणं शास्त्राला धरून नाही. मी त्यांना विचारलं, की दवाखान्यात जाणारी म्हातारी माणसं थांब्यावर कुठे उभी राहतात. ते म्हणाले, तो वेगळा प्रश्न.

दोनशे चौदा माणसांनी त्या निवेदनावर सह्या केल्या. खऱ्या माणसांनी. त्यातली अर्धी आपली मतदार आहेत आणि उरलेली अर्धी आपल्याला मत द्यायची अजून हिंमत करत आहेत.

आपण माझ्या सख्ख्या धाकट्या बहीण आहात, हे मी या पत्रात काढणार नव्हते. चार वर्षांत आपल्यात बोलणं नाही, ते पत्रानं सुरू व्हावं असंही माझ्या मनात नाही. मला पुढच्या सभेत, तितक्याच मोठ्या आवाजात, माफी हवी आहे, आणि निवेदन पुन्हा पटलावर घेतलेलं हवं आहे. मूळ सह्यांचे कागद माझ्याकडे सुरक्षित आहेत. योग्य वेळी सादर केले जातील.

आपली,
एक मतदार

ता. क. सभागृहातल्या तिसऱ्या रांगेतल्या खुर्चीचा मागचा पाय मोडका आहे. तीन सभा मी हे सांगते आहे. ज्यांना खुर्चीचा पाय नीट करता येत नाही त्यांनी रस्ता रुंद करू नये.


शुक्रवार, १७ मे

नगरसेविका बाई,

आपला ड्रायव्हर काल येऊन गेला. पत्राला उत्तर म्हणून त्यानं दोन गोष्टी आणल्या. एक निरोप, "मॅडम म्हणाल्या, ताईला फोन उचलायला सांग." आणि एक गुडघ्याचा पट्टा, नवा, खोक्यात.

फोन मी उचलणार नाही. फोनवर बोललेलं नंतर कुणी बोललेलं नसतं. तुझ्यासोबत वाढले आहे मी, मला शिकवू नकोस. तू तोंडानं कबूल केलेल्या गोष्टी मोजायला बसले तर माझा उरलेला जन्म त्यातच जाईल. लिहून पाठव.

पट्टा परत पाठवला आहे. माझा डावा गुडघा दुखतो. सभागृहात शिरताना मी कुठल्या पायावर जोर देत होते हे तू व्यासपीठावरून पाहत होतीस म्हणे, पण पाहूनही उजव्याचा पट्टा घेतलास. ड्रायव्हर म्हणाला, "आजी, तो कुठल्याही पायाला बसतो." मी त्याला विचारलं नव्हतं. आणि मी त्याची आजी नाही.

(आपण आणि तू यांची सरमिसळ झाली आहे. नवा कागद घेऊन पुन्हा लिहायला हवं होतं. आज हात चालत नाही.)

तू ड्रायव्हरकडून आणखी एक सांगितलंस, तेही लिहून ठेवते म्हणजे नाही म्हणता येणार नाही. "ताईला विचार, गेल्या वर्षी लाँड्रीवाली पडली तेव्हा रुग्णवाहिका का अडकली होती."

मला विचारतेस? मी तिथे होते. तू नव्हतीस. लाँड्रीवाली कपड्यांचं बोचकं घेऊन थांब्यावर उभी होती, उघड्या बाजूच्या. बस वीस मिनिटं आली नाही. ती आधी खाली बसली, मग आडवी झाली, अगदी सावकाश, जणू कुणाची झोपमोड होईल. बोचकं तिनं सोडलं नाही, गिऱ्हाइकांचे कपडे होते. रुग्णवाहिका रस्त्याच्या तोंडाशी अकरा मिनिटं उभी होती, कारण दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या होत्या. शेवटी शिंपी मास्तर आणि मी तिला दुकानाच्या फळीवर घालून नेलं. माझा गुडघा त्या दिवसापासून असा आहे, तुझ्या माहितीसाठी.

म्हणून तू म्हणतेस, रस्ता रुंद हवा. आणि तुझं म्हणणं अगदीच टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही, मला दुसऱ्याचं म्हणणं ऐकून घेता येतं, घरात मी एकटीच तशी होते. पण ती पडली कशानं? उन्हानं. आणि गाडी अडली कशानं? गाड्यांनी. यात झाडांनी काय केलं? एका बाजूच्या गाड्या हलव, तीच रुंदी मिळते. निवेदनाच्या दुसऱ्या पानावर मापासकट लिहिलं आहे, मास्तरांनी कापड मोजायच्या टेपनं मोजलं आहे. पण गाडीवाले रागावतात. झाडं रागावत नाहीत. त्यांचं नाव मतदार यादीत नाही.

काल संध्याकाळी मास्तरांच्या दुकानात आमची बैठक झाली. नेहमी पंधरा-सोळा जण येतात. काल सहा आले. त्यातला एक पॅन्टची लांबी कमी करून घ्यायला आला होता. मास्तर मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "बाई, मूळ कागद नेऊन त्यांच्या तोंडावर फेका ना. विषय संपला."

मी म्हटलं, कागद कपाटात आहेत. बघते.

"बघते म्हणजे? तुमच्या कपाटात काही बघावं लागतं? तुमच्याकडे तर टाचण्यासुद्धा मापानं लावलेल्या असतात."

सगळे हसले. ते हसणं तुझ्या सभागृहासारखं नव्हतं, पण मला घरी यायला वेळ लागला.

कागद सापडतील.

ताई

ता. क. सह्यांच्या रकान्यात मी प्रत्येकासमोर "सही/-" असं लिहिलं आहे. नकलेत तसंच लिहितात. मूळ कागदावर सही आहे, एवढाच त्याचा अर्थ. बत्तीस वर्षं शाळेच्या कार्यालयात मी प्रमाणपत्रांच्या नकला केल्या, कुणी मला खोटारडी म्हटलं नाही. तू हे सभेत सांगू शकली असतीस. तुला माहीत होतं.


सोमवार, २० मे

धाकटे,

पट्टा परत पाठवला असं लिहिलं होतं. पाठवला नाही. घातला आहे. बसतो.

आणि कागद कपाटात नाहीत.

हे पत्र कालपासून तीनदा सुरू केलं. आता जसं येईल तसं लिहिते, नाहीतर राहून जाईल.

शनिवारी सकाळी मी मास्तरांच्या दुकानात होते, तिथे लाँड्रीवाली आली. मास्तरांच्या शेजारचंच तिचं दुकान, तुला आठवत असेल. निवडणुकीच्या वेळी तिथे उभं राहून तू फोटो काढून घेतला होतास, हातात इस्त्री धरून. इस्त्री गार होती, असं ती अजून सगळ्यांना सांगते. तर ती आली आणि म्हणाली, "बाई, माझा कागद तेवढा द्या. मी दाखवते त्या साहेबाला. म्हणावं ही बघ माझी सही, आणि ही मी. आणखी काय पाहिजे?"

मी पुन्हा म्हटलं, बघते.

तिनं माझ्याकडे पाहिलं. वाफेत डोळे बारीक करायची सवय आहे तिला, तसं पाहिलं. म्हणाली, "गेले का कुठे?"

तेव्हा मी नाही म्हटलं. काल रविवारी तिच्या दुकानात जाऊन खरं सांगितलं. आता तुला सांगते.

सह्यांचे अकरा कागद होते. मार्चपासून घरोघर, दुकानोदुकानी, दवाखान्याच्या रांगेत फिरून आले होते. त्यांची दशा तू पाहिली नाहीस. घामानं शाई पसरलेली. एकावर चहाच्या कपाचं वर्तुळ. एकावर कुणीतरी मुलाला गप्प करायला होडी काढून दिलेली. एका आजोबांनी सही तीन रकान्यांत आडवी केली होती आणि खाली आपली औषधंही लिहिली होती. अंगठे पुसट. आठ ठिकाणी खाडाखोड. मी मनात म्हटलं, हे असं सभागृहात द्यायचं? तो अभियंता नाकाला रुमाल लावेल. आपली माणसं गबाळी आहेत, एवढंच त्याला दिसेल.

म्हणून मी बसले. रविवार पूर्ण आणि सोमवारची सकाळ. चांगला कागद, रेघा आखून, काळी शाई. दोनशे चौदा नावं, पत्ते, वय, सही/-. एकही खोड नाही. गेल्या कित्येक वर्षांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं. आणि पक्की प्रत झाल्यावर मी कच्चे कागद फाडले.

फाडताना मला काहीही वाटलं नाही. हात आपोआप चालला. कॉन्व्हेंटमध्ये मदरच्या वर्गात काय नियम होता, ते तुला सांगायला नको. कच्चं लिहायचं, पक्कं उतरवायचं, कच्चं फाडायचं, तुकडे स्वतः नेऊन टोपलीत टाकायचे. "आपला गोंधळ जगाला दाखवू नये." सात वर्षं रोज. त्यानंतर साठ वर्षांत मी भाजीची यादीसुद्धा पक्की केली की कच्ची फाडते.

शाळेच्या नकलांचं मूळ दुसऱ्याच्या कपाटात असायचं. त्याला हात लावायचा मला अधिकार नव्हता. हे मूळ माझ्या हातात होतं. बाकी काय सांगू?

तर काल मी लाँड्रीवालीला हे सगळं सांगितलं. ती एक शर्ट करत होती. कॉलर झाली, बाही झाली. मग म्हणाली, "म्हणजे माझी सही वाईट होती."

मी म्हटलं, वाईट नव्हती गं.

"मग?"

मी तिच्या टेबलावरच्या पावत्यांची चळत सरळ करत राहिले.

तिला लिहिता येत नव्हतं. अंगठा देते म्हणाली होती, मार्चमध्ये. मीच म्हटलं, अंगठा कशाला, नाव लिहायला शिकवते. आठवडाभर मी रोज तिच्या दुकानात जाऊन तिला चार अक्षरं गिरवायला लावली. पुढचा आठवडा ती एकटीच करत होती, गिऱ्हाइकांच्या पावत्यांच्या पाठीवर. मग एके दिवशी कागद मागून घेतला आणि उभ्यानं, इस्त्रीच्या टेबलावर, दोन रकान्यांभर मोठी सही केली. शेवटचं अक्षर रेघेबाहेर गेलं होतं. पन्नाशीतल्या बाईनं आयुष्यात केलेली पहिली सही, आणि ती मी नीटनेटकेपणासाठी फाडली.

ती पुढे एकच वाक्य बोलली. रागानं नाही. इस्त्री उभी करून ठेवली आणि म्हणाली, "तुमची बहीण बरोबरच बोलली मग. अक्षर एकाच माणसाचं होतं."

घरी आल्यावर मी थर्मामीटरची वहीसुद्धा उघडली नाही. तीन उन्हाळ्यांत पहिल्यांदा नोंद चुकली. काल दुपारी दोनला किती होतं, ते आता कुणालाच कळणार नाही.

मी थकले आहे गं. हे तुला सांगायचं नव्हतं. लोकांना वाटतं, ही म्हातारी रिकामी आहे, हिला भांडायला आवडतं. भांडायला मला आवडतं, ते खरं. पण दार वाजवायचं, आतून "कोण आहे" ऐकायचं, झाडांचं काय ते पुन्हा पहिल्यापासून सांगायचं, "ठीक आहे बाई, पण होणार काही नाही" हे हसून ऐकायचं, आणि पुढचं दार. दोनशे चौदा सह्यांसाठी मी चारशेच्या वर दारं वाजवली आहेत. उघड्या बाजूच्या बिऱ्हाडांत दुपारी बायका फरशीवर ओला टॉवेल टाकून त्यावर मुलांना झोपवतात, ते मी पाहिलं आहे. ते पाहून मी घरी आले आणि काय केलं? रेघा आखल्या.

एक गोष्ट राहिली. ती लिहिल्याशिवाय हे पत्र टाकण्यात अर्थ नाही.

तू सहावीत होतीस, मी नववीत. तुझा निबंध होता, "माझं घर". तुझं पान म्हणजे शाईच्या डागांचा बाजार. सकाळी तू दात घासत होतीस तेवढ्यात मी तुझ्या वहीत तो पक्का उतरवून दिला. तू मागितलं नव्हतंस. मला ते पान बघवत नव्हतं, एवढंच. आणि तुझं कच्चं पान मी फाडलं.

मदरनं प्रार्थनेच्या वेळी वही दोन बोटांत धरून वर उचलली. "हे अक्षर कुणाचं?" तू म्हणालीस, निबंध मी लिहिला आहे. तिनं कच्चं पान मागितलं. तुझ्याकडे नव्हतं. तीन दिवस तू वर्गाबाहेर उभी होतीस. मी रोज मधल्या सुट्टीत तुझ्यासमोरून गेले. त्याच आठवड्यात मला सुंदर अक्षराचं पदक मिळालं.

मी काही बोलले नाही. त्या वेळी नाही, नंतरही नाही. मला वाटायचं तू विसरलीस. मंगळवारी चार वाजून बावीस मिनिटांनी कळलं, की नाही. दोन बोटं अगदी तशीच धरली होतीस.

त्या निबंधात तू घरातल्या खिडकीबद्दल लिहिलं होतंस, ती उघडताना कुई करायची म्हणून. मी उतरवताना ते वाक्य गाळलं होतं. बरं दिसेना म्हणून. आता मला ते एकच वाक्य आठवतं.

ताई


बुधवार, २२ मे

धाकटे,

सोमवारचं पत्र पेटीत टाकलं आणि टाकल्याबरोबर परत काढता येईल का असं वाटलं. पेटीच्या फटीत दोन बोटं जातात, पत्र येत नाही. एका पोस्टमननं मला ते करताना पाहिलं. असो.

आता कामाचं. हे पत्र कामाचं आहे.

काल मी प्रभाग कार्यालयात गेले. तुझा कारकून जेवणाचा डबा बंद करत होता, मला पाहून पुन्हा उघडायला लागला, म्हणजे जेवतो आहे असं वाटावं. मी बाकावर बसून राहिले. शेवटी पोळी संपली. मी त्याला म्हटलं, ती प्रत मी केली, चूक माझी, मूळ कागद मी फाडले, हे लेखी द्यायला आले आहे. तो घाबरला. इतकी वर्षं नोकरी करतो, कुणी आपणहून चूक लेखी द्यायला आलेलं त्यानं पाहिलं नसावं. म्हणाला, "आजी, असं काही द्यायची पद्धत नाही."

मी म्हटलं, पद्धत काय आहे ते सांगा.

त्यानं नियमांची फाईल काढली. वाचत गेला, मी ऐकत गेले, आणि त्यात आमच्या कामाचं एक कलम निघालं. हरकतींची मुदत सोमवार, २७ मे, दुपारी बारापर्यंत आहे. एखादं निवेदन अग्राह्य ठरलं असेल तर त्याच मुदतीत नव्या सह्यांनी पुन्हा देता येतं. अट एक. नव्या सह्या प्रभाग कार्यालयातल्या कारकुनासमोर व्हायला हव्यात, किंवा प्रभागाच्या निवडून आलेल्या सदस्यासमोर, आणि त्यानं प्रत्येक पानाखाली साक्षीची सही करायला हवी.

कारकून बसतो अकरा ते चार. आमची माणसं त्या वेळात कामावर असतात. दोनशे चौदा माणसं एक दिवसाची मजुरी सोडून तुझा जिना चढणार नाहीत, आणि त्यातली पन्नास तर चढूच शकणार नाहीत. रंग कुठलाही दिलात तरी.

राहिलीस तू.

मी मास्तरांना विचारलं. त्यांनी मान वर केली, म्हणजे गोष्ट गंभीर आहे असं समज. म्हणाले, "त्या येतील का? झाडं तोडायच्या बाजूनं त्याच आहेत."

मी म्हटलं, साक्षीला बसणं वेगळं आणि मत देणं वेगळं.

"हे त्यांना माहीत आहे का?"

मी म्हटलं, कळवते.

मग लाँड्रीवालीकडे गेले. रविवारपासून ती माझ्याशी बोलत नव्हती. मी रोज एक साडी इस्त्रीला टाकत होते, ती रोज नीट घडी करून देत होती, बोलत नव्हती. माझ्याकडे आता इस्त्री न केलेली साडी उरलेली नाही. काल तिला नियम सांगितला. ऐकून घेतलं. म्हणाली, "तुमच्यासमोर पुन्हा सही करायची नाही मला."

मी म्हटलं, बरोबर आहे.

"तुमची बहीण स्वतः बसणार असेल, तर तिच्यासमोर करते. तिला बघू दे. आणि तुम्ही त्या टेबलापाशी यायचं नाही. पेनसुद्धा धरायचं नाही."

मी कबूल केलं. मास्तर साक्षीला होते. हवं तर त्यांच्याकडून लेखी घे.

ती पहिली सही करणार असेल तर बाकीचे येतील. मला ठाऊक आहे. मी चारशे दारं वाजवली, पण त्या रस्त्यावर लोक विश्वास ठेवतात तो तिच्यावर. ती पडली तेव्हा सगळ्यांनी पाहिलं होतं.

तर मागणी अशी. येत्या शनिवारी, २५ मे, सकाळी आठ ते दुपारी एक, मास्तरांच्या दुकानासमोर, झाडाखाली टेबल आणि खुर्ची मांडलेली असेल. खुर्चीचे चारही पाय शाबूत आहेत, मी बसून पाहिलं. तू येऊन बसायचं. माणसं येतील, आपापल्या हातानं सही करतील, जशी येईल तशी. डाग पडले तर पडू दे. तू प्रत्येक पानाखाली सही कर. एवढंच. येत्या मंगळवारी सभेत तुला ठरावाच्या बाजूनं हात वर करायचा असेल तर कर. मला ते पटत नाही, मी समोर बसून तुझ्याकडे बघेन, पण तो तुझा हक्क आहे. आमची माणसं होती की नव्हती, एवढं तू तुझ्या डोळ्यांनी पाहावंस आणि लिहून द्यावंस.

अकराच्या पुढे टेबलावर ऊन येतं. तेव्हा टेबल दोन फूट मागे सरकवायचं. तीन उन्हाळ्यांच्या नोंदी आहेत माझ्याकडे, सावली केव्हा कुठे असते ते मला मिनिटावर माहीत आहे. ठराव झाला तर हेही ज्ञान फुकट जाईल.

त्या दिवशी मी समोरच्या बाजूला, बस थांब्यावर, उभी असेन. उन्हाच्या बाजूला. दर तासाला नोंद घ्यायची आहे, रविवारची चुकली ती चुकली. पट्टा घालून येईन.

तू माफी मागावीस असं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. ती मागणी मागे घेते. तुझ्या सहावीबद्दल मी जे लिहिलं ते मदरला ऐकवता येत नाही, ती गेली. पण मंगळवारच्या सभेत मला दोन मिनिटं बोलायला दिलीस, तर ही प्रत कुणी केली आणि मूळ कुणी फाडलं, ते मी सगळ्यांसमोर सांगेन. अभियंता साहेबांना हसायला वेळ लागेल, तेवढा वेळ धरून तीन मिनिटं दे.

आता उत्तर. फोन नको. ड्रायव्हर नको. औषध, पट्टा, फळं, काही नको. येणार असशील तर "येते" आणि येणार नसशील तर "येत नाही", एवढं लिहून पाठव. शुक्रवार, २४ मे, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडायला हवं, कारण सहा वाजता मला लाँड्रीवालीला जाऊन सांगायचं आहे, आणि या वेळी तिला "बघते" म्हणायचं नाही. कार्यालयात टाईप करून घेतलेलं चालणार नाही. तुझ्या हातानं लिही, तुझ्याच अक्षरात. शाई सांडली, खोडलं, ओळ रेघेबाहेर गेली, तरी तसंच पाठव.

मी ते उतरवून काढणार नाही.

ताई

ता. क. हे पत्र कच्चंच आहे. पहिल्या पानावर चहा पडला आहे, तो माझाच.